डीओई सॉफ्टवेअरमध्ये इनपुट चलांचा तक्ता कसा भरावा: एका टर्निंग प्रयोगाच्या निमित्ताने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ईएन-८ पोलादाच्या शाफ्टवर सीएनसी लेथमध्ये ३२ मिमी व्यासाचा फिनिश कट घेतला जातो आणि ग्राहकाला पृष्ठभागाचा खडबडीतपणा १.६ मायक्रॉन आरएच्या (मधल्या रेषेपासूनच्या उंच-सखलपणाच्या सरासरीच्या) आत हवा आहे. त्यासाठी आपण प्रयोगाचा आराखडा तयार करणारे, म्हणजे कारखान्याच्या भाषेत डीओईचे, सॉफ्टवेअर घेतले आहे. पहिल्याच पडद्यावर ते प्रत्येक चलाचे नाव, प्रकार, एकक, खालची व वरची पातळी आणि तो बदलणे सोपे आहे की अवघड हे विचारते. आपल्या यादीत स्पिंडलचे आरपीएम, कटिंग स्पीड, फीड (दर फेरीला टूल पुढे सरकते ते अंतर), कटची खोली, नोज रेडियस (टूलच्या टोकाची गोलाई), इन्सर्टचा (टूलवरच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याचा) ग्रेड, कूलंटचे प्रमाण, बारचा लॉट आणि ऑपरेटर अशी नऊ नावे आहेत. यांपैकी कोणते कुठे आणि कसे भरावे, असे आपण विचारले आहे.

मिनिटॅब असो, जेएमपी असो वा डिझाइन-एक्सपर्ट, यांतल्या कोणत्याही सॉफ्टवेअरला आपले मशीन ठाऊक नसते. तक्त्यात २५० लिहिले की मशीनवर २५०च झाले असे धरून ते पुढचे सगळे गणित करते, आणि तसे झाले नसेल तरीही उत्तर तितक्याच नीटनेटक्या आलेखांसह देते. म्हणून हा तक्ता कार्यालयात बसून भरू नये, मशीनजवळ उभे राहून, सेटरला सोबत घेऊन भरावा, असा माझा आग्रह असतो. प्रत्येक नावाबाबत त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: हे मूल्य आपण स्वतः लावू शकतो का, रन (एका सेटिंगवरचा एक प्रयोग) संपेपर्यंत ते तसेच राहते का, आणि चार रननंतर पुन्हा तेच मूल्य हुबेहूब आणता येते का. तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच ते नाव नियंत्रित चल म्हणून भरावे. एखादे उत्तर नकारार्थी असेल, तर त्या नावाची जागा तक्त्यात दुसरीकडे आहे.

सुरुवात आरपीएम आणि कटिंग स्पीडपासून करू, कारण ही दोन नावे एकाच गोष्टीची आहेत. कटिंग स्पीड म्हणजे पाय गुणिले मिलिमीटरमधील व्यास गुणिले आरपीएम, भागिले १०००. व्यास ३२ मिमी ठरलेलाच असल्यामुळे एक ठरले की दुसरे आपोआप ठरते, आणि दोन्ही तक्त्यात घातले तर सॉफ्टवेअर मशीनवर कधीच शक्य नसलेल्या जोड्या मागू लागते. आपण कटिंग स्पीड ठेवावा, एकक मीटर प्रति मिनिट लिहावे आणि आरपीएम काढून टाकावे. मोजमापाच्या कोणत्याही प्रयोगात हेच तत्त्व लागू पडते: एका चलातून दुसरा काढता येत असेल, तर भौतिक परिणामाशी ज्याचे नाते अधिक थेट आहे तेवढा एकच ठेवावा.

याच चलाबाबत एका कारखान्यात माझे तीन दिवसांचे काम वाया गेले होते, ते सविस्तर सांगतो. व्यास आपल्यासारखाच ३२ मिमी होता. कटिंग स्पीडच्या पातळ्या १५० आणि २५० होत्या आणि केंद्रबिंदू, म्हणजे दोन पातळ्यांच्या बरोबर मधले मूल्य, २०० होता. प्रोग्राममध्ये जी ९६, म्हणजे पृष्ठभागाचा वेग कायम ठेवण्याची आज्ञा, बरोबर लिहिलेली होती. विश्लेषणात मात्र विचित्र चित्र दिसले. केंद्रबिंदूवरची आणि वरच्या पातळीवरची आरए मूल्ये जवळपास सारखीच होती, आणि वेग वाढवून काही साधत नाही असा निष्कर्ष सॉफ्टवेअरने काढला. चौथ्या दिवशी मी रन चालू असताना कंट्रोलच्या पडद्यावरचे आरपीएम वाचले, तेव्हा २५० साठी २४८७ दिसायला हवे होते तिथे २००० दिसले. जुन्या जॉबच्या सुरक्षिततेसाठी कोणीतरी प्रोग्रामच्या वरच्या ओळीत जी ५० एस २००० अशी कमाल मर्यादा घातलेली होती आणि ती तशीच राहिली होती. ३२ मिमी व्यासावर २००० आरपीएम म्हणजे जेमतेम २०१ मीटर प्रति मिनिट. तक्त्यात २५० लिहिलेल्या प्रत्येक रनमध्ये मशीन प्रत्यक्षात केंद्रबिंदूच चालवत होते. चकच्या आणि जॉबच्या पकडीच्या दृष्टीने मर्यादा योग्यही असू शकते. तशी ती असेल तर वरची पातळी १९० ठेवावी, पण मशीन जिथे पोहोचणारच नाही असा आकडा तक्त्यात लिहू नये.

फीडकडे मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण खडबडीतपणावर त्याचा हात सर्वांत मोठा आहे आणि त्याची व्याप्ती ठरवताना मोजमापाचे यंत्रही विचारात घ्यावे लागते. आदर्श स्थितीत आरएचे मूल्य अंदाजे फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसच्या ३२ पट इतके येते. नोज रेडियस ०.८ मिमी धरला तर ०.१४ मिमी प्रति फेरी फीडला ०.७७ मायक्रॉन आणि ०.२२ ला १.८९ मायक्रॉन मिळतात. म्हणजे आपली १.६ ची मर्यादा या दोन टोकांच्या मधे पडते आणि प्रयोगाला तेच हवे असते. ज्या टप्प्यात सगळेच जॉब पास होतात किंवा सगळेच नापास होतात, तो टप्पा आपल्याला फारसे काही शिकवत नाही.

खालची पातळी ०.१० का नको, असे आपण विचाराल. त्याचे कारण रफनेस टेस्टरमध्ये आहे. टर्निंगचा पृष्ठभाग आवर्ती असतो, त्यावरच्या रेषांमधले अंतर साधारण फीडइतके असते आणि त्या अंतरावरून कटऑफ, म्हणजे टेस्टर ज्या लांबीवर खडबडीतपणा मोठ्या लाटांपासून वेगळा करतो ती लांबी, निवडला जातो. १९९६ च्या आयएसओ ४२८८ मानकातील तक्त्यानुसार (त्याची जागा आता आयएसओ २१९२० मालिकेने घेतली आहे) हे अंतर ०.१३ ते ०.४ मिमी असेल तर कटऑफ ०.८ मिमी, आणि ०.०४ ते ०.१३ असेल तर ०.२५ मिमी. आपण फीड ०.१० ते ०.२२ असा घेतला आणि तपासनिसाने नियमाप्रमाणे कटऑफ बदलला, तर फीडबरोबर मोजण्याची पद्धतही बदलते, आणि हे दोन परिणाम नंतर कोणत्याही गणिताने वेगळे करता येत नाहीत. ०.१४ ते ०.२२ या टप्प्यात सगळे रन एकाच ०.८ कटऑफवर मोजले जातात. कटऑफ ०.८ आणि मूल्यमापनाची लांबी ४ मिमी ही दोन्ही मूल्ये तक्त्यात ‘कॉन्स्टंट’ म्हणून लिहावीत. जिथे तशी सोय नाही तिथे ती आराखड्याच्या टिपणीत लिहावीत.

कटच्या खोलीत गणित अवघड नाही, पण एककाच्या रकान्यात नुसते ‘मिमी’ लिहिल्याने घोळ होतो. लेथवर एक्स अक्ष व्यासात लिहिला जातो, त्यामुळे त्रिज्येवर ०.३ मिमी खोली हवी असेल तर आधीच्या पासनंतरचा व्यास ३२.६ मिमी असावा लागतो आणि ०.६ साठी ३३.२. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ०.६ हा आकडा व्यासावरचा समजून ३२.६ ठेवला, तर आपली वरची पातळी गुपचूप खालच्या पातळीवर जाऊन बसते. म्हणून मी एककाच्या रकान्यात ‘मिमी, त्रिज्येवर’ असे लिहितो आणि शेजारी एक साधा माहितीचा स्तंभ ठेवतो, ज्यात फिनिश पासआधीचा व्यास सरळ मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. ऑपरेटरने तो स्तंभ मायक्रोमीटरने पडताळावा, त्याला भागाकार करायला लावू नये.

नोज रेडियस हा प्रकार निवडण्याच्या दृष्टीने सर्वांत फसवा चल आहे. तो संख्या आहे म्हणून बहुतेक जण ‘कंटिन्युअस’ निवडतात. पण सीएनएमजी १२०४०८ या इन्सर्टच्या नावातील शेवटचे ०८ म्हणजे ०.८ मिमी आणि १२०४१२ मधले १२ म्हणजे १.२ मिमी, आणि या दोहोंच्या मधले काही डब्यात मिळत नाही. ‘कंटिन्युअस’ निवडून ०.८ आणि १.२ पातळ्या दिल्या, तर केंद्रबिंदू मागताच सॉफ्टवेअर १.० मिमी लिहून देते, आणि शेवटी सर्वोत्तम मूल्य म्हणून ०.९३ सुचवते. जेएमपीमध्ये यासाठी ‘डिस्क्रीट न्यूमरिक’ हा प्रकार आहे. त्यात संख्यांचा क्रम आणि त्यांमधले अंतर जपले जाते, पण दिलेल्या मूल्यांबाहेर सॉफ्टवेअर जात नाही. मिनिटॅबच्या दोन पातळ्यांच्या आराखड्यात हा चल ‘टेक्स्ट’ म्हणून भरावा. मग केंद्रबिंदू दोन्ही रेडियसवर वेगवेगळे घेतले जातात, आणि प्रत्यक्षात शक्य असलेलेही तेवढेच आहे.

नोज रेडियस आणि कटची खोली एकमेकांत गुंतलेले आहेत, हेही इथेच सांगितले पाहिजे. १.२ रेडियसने ०.३ खोलीचा कट घेतला की सगळा कट टोकाच्या गोलाईवरच होतो, बळ शाफ्टला आडवे दाबते, आणि शाफ्ट लांब व बारीक असेल तर तो थरथरतो. त्या कोपऱ्यातल्या रनमध्ये सूत्राने ०.५१ मायक्रॉन सांगितले तरी हातात चॅटरच्या (थरथरीच्या) खुणा असलेला जॉब येऊ शकतो. ही आंतरक्रिया खरी आणि कामाची आहे. म्हणून दोन्ही चल आराखड्यात ठेवून तिची संज्ञा मॉडेलमध्ये स्पष्टपणे मागावी. मात्र आधी एका चाचणी जॉबवर तो कोपरा चालवून पाहावा आणि तो असुरक्षित वाटला तर सॉफ्टवेअरमध्ये ‘ही जोडी नको’ असे बंधन घालावे. बंधन घातल्यावर नेहमीचा समतोल आराखडा चालत नाही आणि सॉफ्टवेअरकडून ऑप्टिमल आराखडा (उरलेल्या शक्य रनांतून गणिताने निवडलेला) घ्यावा लागतो.

ग्रेड आणि ऑपरेटर यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. ग्रेड हा ‘कॅटेगॉरिकल’ चल आहे, पण पहिल्या फेरीत एकच ग्रेड घ्यावा आणि तो ‘कॉन्स्टंट’ लिहावा. ऑपरेटरला चल करू नये. एकाच माणसाकडून सगळे रन करून घेणे शक्य नसेल तर शिफ्टला ब्लॉक (ज्याचा परिणाम विश्लेषणात वेगळा काढला जातो असा रनचा गट) करावे, कारण आपल्याला माणसांची परीक्षा घ्यायची नाही आणि तसे वाटले तर माणसे नोंदी मोकळेपणाने करत नाहीत.

कूलंटच्या प्रमाणापाशी ‘बदलणे सोपे की अवघड’ हा रकाना खरा कामाला येतो. आपण ५ आणि ८ टक्के अशा पातळ्या लिहिल्या आहेत. ५ वरून ८ वर जायला टाकीत तेल घालून ढवळता येते, पण ८ वरून ५ वर यायचे तर टाकी अर्धवट रिकामी करून पाणी भरावे लागते, ते मिसळेपर्यंत थांबावे लागते आणि रिफ्रॅक्टोमीटरचे वाचन त्या तेलाच्या गुणकाने गुणून पाहावे लागते. इथे ‘ईझी’ निवडले तर सॉफ्टवेअर दर रनला उलटसुलट प्रमाण मागते. पाचव्या रनपर्यंत ऑपरेटर कंटाळतो आणि आधी ५ चे सगळे, मग ८ चे सगळे असा स्वतःचा क्रम लावतो. त्याचा दोष नाही, आपण त्याच्याकडे अशक्य गोष्ट मागितलेली असते. पण आकडेमोड मात्र प्रत्येक रनला कूलंट नव्याने लावले असे समजून होते, आणि कूलंटचा परिणाम आहे त्यापेक्षा कितीतरी अधिक खात्रीचा दिसू लागतो.

‘हार्ड’ निवडले की सॉफ्टवेअर रनचे गट पाडते. एका गटात कूलंट तेच राहते, बाकीचे चल गटाच्या आत यादृच्छिक क्रमाने बदलतात, आणि त्रुटीही दोन प्रकारच्या धरल्या जातात, एक गटागटांमधली आणि एक गटाच्या आतली. या रचनेला स्प्लिट-प्लॉट म्हणतात आणि तो शब्द शेतीतून आला आहे. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात गेले आणि प्रयोग-आराखड्याची आजची बैठक तिथल्या शेतांत तयार झाली. एखादी गोष्ट, जसे पाणी देण्याची पद्धत, मोठ्या तुकड्यालाच लावता येते, आणि वाण मात्र त्या तुकड्यातल्या छोट्या वाफ्यांत बदलता येतात. आपली कूलंटची टाकी म्हणजे ते मोठे शेत आहे, हे ज्याला पटले त्याला हा रकाना पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. मात्र गट केवळ दोन असतील, एक ५ चा आणि एक ८ चा, तर कूलंटच्या परिणामाची त्रुटी मोजायला काहीच उरत नाही. किमान चार गट हवेत, म्हणजे टाकी चार वेळा लावायची तयारी हवी. ती नसेल तर पहिल्या फेरीत कूलंट ६ टक्क्यांवर स्थिर ठेवावे. आपल्याला मी हेच सुचवीन.

बारचा लॉट हा आपण निवडून लावायचा चल नाही, तो पुरवठादाराकडून येतो. दोन हीट नंबरचे, म्हणजे पोलादाच्या दोन वेगळ्या ओतांतले, बार वापरणार असाल तर लॉट ‘ब्लॉक’ म्हणून भरावा आणि प्रत्येक लॉटवर अर्धा आराखडा चालवावा. ब्लॉक करताना आपण असे गृहीत धरतो की लॉटमुळे सगळीच मूल्ये सारखीच वर-खाली होतात, फीडचा परिणाम लॉटगणिक बदलत नाही. हे गृहीतक पटत नसेल आणि प्रत्येक बारची ब्रिनेल कठिणता आधीच मोजलेली असेल, तर ती ‘कोव्हेरिएट’ म्हणून द्यावी आणि तिची फीडशी आंतरक्रिया मॉडेलमध्ये मागावी. आधी माहीत असलेले मूल्य ‘कोव्हेरिएट’ आणि रन चालू असतानाच कळणारे मूल्य, जसे कूलंटचे तापमान, ‘अनकंट्रोल्ड’. जेएमपीमध्ये हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि ते वेगळे असण्याला अर्थ आहे: पहिल्याचा उपयोग आराखडा बनवताना होतो, दुसऱ्याची फक्त नोंदीची जागा राखली जाते.

एवढे झाल्यावर आपल्या नऊ नावांपैकी पहिल्या फेरीत चार चल उरतात: कटिंग स्पीड १५० ते २५०, फीड ०.१४ ते ०.२२, खोली ०.३ ते ०.६ आणि नोज रेडियस ०.८ किंवा १.२. दोन पातळ्यांचे १६ रन आणि दोन्ही रेडियसवर प्रत्येकी तीन केंद्रबिंदू धरून एकूण २२ रन होतात. दोन्ही लॉट वापरायचे ठरले तर ब्लॉकची संख्या दोन सांगावी, मग सॉफ्टवेअर १६ रन स्वतःच दोन्ही लॉटमध्ये वाटून देते. हे रन पुरेसे आहेत का, हे आधीच पाहता येते. १६ रनच्या दोन-पातळी आराखड्यात कोणत्याही परिणामाची प्रमाण त्रुटी रनारनांतल्या प्रमाण विचलनाच्या निम्मी असते. समजा एकच सेटिंग वेगवेगळ्या वेळी पुन्हा लावल्यावर आरए ०.१२ मायक्रॉनने हलतो, तर ही त्रुटी ०.०६ येईल आणि ०.१५ मायक्रॉनचा परिणाम ओळखण्याची बरी शक्यता राहील.

इथे ‘रेप्लिकेट्स’ या चौकटीबद्दल सावध राहावे. एकाच जॉबवर तीन ठिकाणी सुई फिरवून घेतलेली तीन वाचने म्हणजे तीन रेप्लिकेट नव्हेत. त्या वाचनांची सरासरी हे एकाच रनचे एकच उत्तर असते. ती तीन वेगळ्या ओळींत भरली तर त्रुटीच्या अंदाजात फक्त टेस्टरची आणि पृष्ठभागाची थरथर येते, सेटिंग नव्याने लावण्यातला फरक येत नाही, आणि मग सगळेच चल महत्त्वाचे ठरतात. रेप्लिकेट म्हणजे नवा बार, नवी धार, नव्याने लावलेले सेटिंग.

केंद्रबिंदूंनी वक्रता दाखवली तर दुसऱ्या फेरीत अक्षबिंदू, म्हणजे एकच चल टोकाला आणि बाकीचे मध्यावर ठेवलेले रन, जोडावे लागतील, आणि तिथे पातळ्यांच्या चौकटीचा अर्थच बदलतो. समजा चांगला ठरलेला रेडियस कायम करून आपण तीन चलांचा सेंट्रल कॉम्पोझिट (कोपरे, केंद्र आणि अक्षबिंदू मिळून होणारा) आराखडा केला. लिहिलेल्या पातळ्या घनाच्या कोपऱ्यांच्या आहेत असे सॉफ्टवेअर धरत असेल आणि अल्फा, म्हणजे कोपऱ्याची पातळी १ धरून केंद्रापासून अक्षबिंदूचे अंतर, १.६८२ असेल, तर फीडचे अक्षबिंदू ०.१८ पासून दोन्हीकडे ०.०४ च्या १.६८२ पट अंतरावर, म्हणजे ०.११३ आणि ०.२४७ वर पडतात. ०.११३ वर आपण टाळलेली कटऑफची सीमा ओलांडली जाते. कटिंग स्पीड २८४ मागितला जातो, म्हणजे सुमारे २८२६ आरपीएम. मिनिटॅबमध्ये लिहिलेली मूल्ये कोपऱ्यांची की अक्षबिंदूंची हे निवडता येते. पण अशा ठिकाणी अल्फा १ ठेवून, म्हणजे अक्षबिंदू घनाच्या पृष्ठांवरच ठेवून, काम करणे मला अधिक सुरक्षित वाटते. त्यात आराखड्याची सममिती थोडी कमी होते, पण प्रत्येक बिंदू मशीनवर आणि टेस्टरवर शक्य असतो.

धारेची झीज तक्त्यात कुठेच येत नाही आणि तरी प्रत्येक रनमध्ये हजर असते. म्हणून प्रत्येक रनला नवी धार द्यावी. सीएनएमजी इन्सर्टला चार धारा असतात. दोन्ही रेडियसचे ११-११ रन आहेत, म्हणजे प्रत्येकी तीन इन्सर्ट पुरतात आणि एक-एक धार शिल्लक राहते. ती शिल्लक धार चाचणी जॉबसाठी वापरावी. रन क्रम सॉफ्टवेअरने दिलेलाच पाळावा आणि छापील कागदावर फक्त तोच क्रम ठेवावा, प्रमाण क्रमाचा (आराखड्याच्या मूळ, न मिसळलेल्या यादीचा) स्तंभ झाकून टाकावा, नाहीतर हात आपोआप सोप्या क्रमाकडे वळतो.

छापील कागदावर प्रत्येक चलाशेजारी एक मोकळा रकाना ठेवावा, ‘प्रत्यक्ष’ या नावाचा. त्यात पडद्यावर दिसलेले आरपीएम, मायक्रोमीटरने मोजलेला आधीचा व्यास, प्रोग्राममधला एफ (फीडचा आकडा) आणि फीड ओव्हरराइडच्या नॉबची टक्केवारी लिहिली जावी. नॉब ९० वर राहिला तर ०.२२ चा फीड ०.१९८ होतो आणि तो आकडा तक्त्यातून कधीच कळत नाही. आराखड्याचे मूळ स्तंभ खोडू नयेत. प्रत्यक्ष मूल्यांचे वेगळे स्तंभ करून विश्लेषण त्यांवर करावे. पहिला रन घेण्यापूर्वी चारही चलांची वरची टोके एकदा आणि खालची टोके एकदा लावून, आरए न मोजता, हे रकाने भरून पाहावेत. जी ५० ची ती ओळ माझ्या हातून सुटली नसती, जर मी त्या दिवशी पहिल्या बारला हात लावण्याआधी ही दहा मिनिटे दिली असती.